नवऱ्याला ३४ व्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. घरात रोज नेमकं काय बदलायचं?

मनीषनगरची_सून

नमस्कार. माझा नवरा ३४ वर्षांचा आहे, नागपुरात मिहानमध्ये एका कंपनीत डेटाचं काम करतो. नुकतंच त्याला ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं. डॉक्टरांनी नीट समजावलं, पण इंटरनेटवर बघावं तर सगळं लहान मुलांचंच: शाळा, थेरपी, बोलायला कसं शिकवायचं. याला बोलता येतं, नोकरी व्यवस्थित चालू आहे. अडतं ते घरात.

घरी आम्ही दोघं आणि सासू-सासरे. संध्याकाळी ऑफिसातून आला की तो कोणाशी बोलत नाही. सासूबाई चहा घेऊन मागे मागे जातात, "काय झालं बेटा, बोलून का नाही राहिला?" म्हणतात, आणि मग तो तरी चिडतो नाहीतर दार लावून घेतो. काम सांगितलं की "हो" म्हणतो, पण काम होत नाही. आळशी म्हणावं तर तेही नाही, एखादं काम हातात घेतलं की रात्रीचे दोन वाजवतो. "तुला काय वाटतंय?" विचारलं की एकच उत्तर, "माहीत नाही". त्यात उन्हाळा. कूलर लावला की त्याला त्या आवाजाचा त्रास, बंद केला तर घरात बसवत नाही.

आणखी एक, अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढावं का?

विनंती एवढीच की "समजून घ्या, प्रेम द्या" असं सांगू नका. ते करूनच राहिलो आहोत. उद्या सकाळी काय करायचं ते सांगा.

ओटी_वर्धारोड

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मोठ्या माणसांबरोबरच जास्त काम आहे. संध्याकाळ आणि कूलर या दोन गोष्टींचं मी सांगते, बाकीचं इतर जण सांगतील.

दिवसभर ऑफिसात तो कामाखेरीज आणखी एक काम करत असतो: समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, चेहरा बरोबर ठेवायचा, चार जण एकदम बोलत असले की त्यातलं आपल्यासाठी काय ते वेचायचं. शिवाय एसीची घरघर, ट्यूबलाइट, वर्धा रोडचे हॉर्न. इतरांचा मेंदू यातलं बरंचसं आपोआप गाळून टाकतो. ऑटिस्टिक माणसाच्या बाबतीत ते गाळणं कमी होतं, म्हणून घरी येईपर्यंत तो पुरता थकलेला असतो. दारातच प्रश्न विचारला की तो आणखी एका कामासारखा अंगावर येतो.

म्हणून घरी आल्यावर पहिली ४५ मिनिटं प्रश्न नाहीत, अशी घराची पद्धत पाडा. "जेवशील का?" हासुद्धा प्रश्नच आहे. चहा किंवा पाणी रोज एकाच ठराविक जागी झाकून ठेवा, तो स्वतः घेईल. खोलीत मोठा दिवा नको, कोपऱ्यातला पिवळा दिवा लावा. जुनी चोकवाली ट्यूबलाइट असेल तर आधी ती काढा. तिचं लुकलुकणं तुम्हाला दिसत नसलं तरी अनेकांना त्यानं डोकं दुखतं. मात्र ४५ मिनिटांनंतर काय, तेही ठरलेलं हवं, उदाहरणार्थ साडेसातला सगळ्यांबरोबर दहा मिनिटं बसणं. नाहीतर सासूबाईंना वाटेल की मुलगा कायमचाच दूर गेला, आणि त्यांचं वाटणं काही चुकीचं नाही. त्यांना निदानाचं नाव, व्याख्या असं काही सांगत बसू नका. "आई, त्याला आल्यावर पाऊण तास शांतता लागते, साडेसातला तो तुमच्याजवळ येऊन बसेल," एवढं पुरे. आणि साडेसातला तो खरंच येऊन बसला पाहिजे. चार दिवस तसं झालं की त्या आपणहून चहा झाकून ठेवतील.

आता कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथे "कूलर नको" हे उत्तर चालणारच नाही. कूलरचा आवाज एक नसतो, तीन असतात. पंख्याचा घोंगावणारा आवाज एकसारखा असतो, तो बऱ्याच जणांना चालतो. पंपाची गुरगुर बहुतेक वेळा टाकीतलं पाणी कमी होऊन पंप हवा ओढायला लागला की सुरू होते, म्हणून टाकी रोज ठराविक वेळी भरा. तिसरा आवाज स्टँड आणि खिडकीची चौकट थरथरण्याचा. बहुतेकांना हाच सर्वात असह्य होतो, कारण तो कमीजास्त होत राहतो. स्टँडच्या चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे घाला, कूलर आणि चौकट यांच्यातल्या फटीत फोमची पट्टी बसवा, जाळ्यांचे स्क्रू आवळा. त्याला समोर उभं करून एकेक गोष्ट बंद-चालू करा आणि "हा की हा?" विचारा. तीनपैकी कोणता आवाज छळतो ते तो बरोबर सांगेल.

इअरप्लगही वापरता येतात. फोमचा बोळा बोटांनी चांगला बारीक वळायचा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचला तर काही उपयोग नाही. पण दिवसभर घालू नये. कानाला शांततेची सवय झाली की साधे आवाजही बोचायला लागतात.

उन्हाळ्यात एक गोष्ट आवर्जून बघा. तहान, भूक, लघवी, अंगातला ताप, या आतून येणाऱ्या खुणा अनेक ऑटिस्टिक माणसांना उशिरा कळतात. "तहान लागली की पिईन" यावर विसंबू नका. एक लिटरच्या दोन बाटल्या भरून ठेवा, एक दुपारच्या जेवणापर्यंत संपवायची, दुसरी घरी निघण्याआधी. संध्याकाळच्या चिडचिडीमागे कधी कधी नुसती पाण्याची आणि खाण्याची कमतरता असते. आधी ते तपासा, मनाचं नंतर.

जेवणात अनेकदा चवीपेक्षा पदार्थाचा तोंडातला स्पर्श महत्त्वाचा असतो. भेंडीचा चिकटपणा, भरीतातली बी, दहीभातात मधेच दाताखाली येणारी मिरची. नको असलेला पदार्थ लपवून घालू नका. एकदा फसवलं गेलं की तो पोळीवरसुद्धा भरवसा ठेवणार नाही.

स्वमग्न_नागपूर

मी स्वतः ऑटिस्टिक आहे आणि निदान झालेल्या प्रौढांच्या गटात मदत करतो. काम न होणं आणि "माहीत नाही" या दोन गोष्टींवर लिहितो.

"हो" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. काम करायला हवं हे त्याला पटलेलं असतं. अडचण सुरुवातीत असते. शरीर एका गोष्टीतून सुटून दुसरीत जायला तयारच होत नाही. याला इनर्शिया म्हणतात, आणि रात्रीचे दोन वाजणं हा त्याचाच दुसरा चेहरा आहे, सुरू झालेलं थांबवता न येणं. ओरडण्यानं हे सुटत नाही, उलट घट्ट होतं. कामाची पहिली हालचाल फार लहान करा. "कपडे घडी कर" याऐवजी "कपड्यांची बादली पलंगावर आणून ठेव". तेवढं झालं की पुढचं बहुधा आपोआप होतं. तुम्ही त्याच खोलीत बसून स्वतःचं काही करत असलात, न बोलता, तरी सुरुवात सोपी होते. आणि तो कशात गुंतला असेल तर १० मिनिटं आधी एकदा आणि २ मिनिटं आधी एकदा सांगा. अचानक "चल, ऊठ" नको.

सांगणं नेमकं हवं. "किराणा आण" यात आमच्या डोक्यात वीस प्रश्न उभे राहतात. असं लिहून पाठवा: "७ वाजता, कोपऱ्यावरच्या दुकानातून, तूर डाळ १ किलो, पोहे अर्धा किलो (जाड), शेंगदाणे पाव किलो. जाड पोहे नसले तर आणू नको. डाळ नसली तर मूग डाळ अर्धा किलो." ही शेवटची दोन वाक्यं बहुतेक लोक लिहीत नाहीत, आणि माणूस दुकानात नेमका तिथेच अडकतो.

"दिसत नाही का, कचरा भरलाय?" याचं खरं उत्तर "नाही, दिसत नाही" असंच असतं. दिसण्यावर काम सोपवू नका, वेळेवर किंवा खुणेवर सोपवा. घंटागाडीची गाणी ऐकू आली की ओला आणि सुका दोन्ही डबे खाली न्यायचे, ही खूण पक्की आहे. मग ते काम त्याचंच, कोणी आठवण करायची नाही आणि कोणी मधेच हिसकावून स्वतः करायचं नाही. घरचे मायेनं करून टाकतात आणि लागत आलेली सवय मोडते.

आता "माहीत नाही". भावना असते, पण तिचं नाव सापडत नाही. ऑटिस्टिक लोकांमध्ये हे पुष्कळ आढळतं, त्याला अलेक्सिथायमिया म्हणतात. "काय वाटतंय?" हा प्रश्न फार उघडा आहे. शरीरापासून सुरू करा: डोकं जड आहे का, जबडा आवळलाय का, पोटात काही होतंय का? किंवा पर्याय द्या: "थकलायस, की माझं काही लागलं, की ऑफिसचं काही?" किंवा आकडा: ० म्हणजे ठीक, १० म्हणजे आत्ता उठून जावंसं वाटतंय. उत्तराची सक्ती त्याच क्षणी नको. "उद्या रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर लिही" असं सांगा. अनेकांना तोंडी सापडत नाही ते लिहिताना सापडतं. शेजारच्या खोलीतून नवऱ्यानं मेसेज केला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तो तुमच्याशी बोलूनच राहिलाय.

एक गोष्ट मनापासून सांगतो. त्याला लोक कळत नाहीत हे अर्धंच खरं आहे. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकानं २०१२ मध्ये मांडलं की अडथळा दोन्ही बाजूंनी असतो, इतरांनाही ऑटिस्टिक माणूस तितकाच कळत नाही. २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन यांच्या अभ्यासात एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे सांगत नेली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती तितकीच शाबूत राहिली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. तुमचं घर मिश्र साखळी आहे. तेव्हा फक्त त्यालाच "सुधारू" नका.

मनीषनगरची_सून

खूप आभार. कूलरचा रबराचा उपाय आजच करते. दोन प्रश्न राहिले. भांडण झालं की कधी तो एकदम ओरडतो, एकदा त्यानं रिमोट भिंतीवर आपटला. कधी उलटं, तासन्‌तास गप्प. हे ऑटिझम म्हणून सोडून द्यायचं का? आणि चुलतनणंदेचं लग्न आहे मे महिन्यात, डीजे, वरात, सगळं. त्याला न्यायचं की नाही?

समुपदेशक_धंतोली

लग्नाचं दुसरं कोणी सांगेल. मी भांडणाचं सांगते, कारण इथे दोन चुका सर्रास होतात: एक तर सगळं राग समजून शिक्षा करायची, नाहीतर सगळं ऑटिझम समजून माफ करायचं.

ओरडणं आणि आपटणं हे मेल्टडाउन असू शकतं, गप्प होणं हे शटडाउन. दोन्हीत सहन करण्याची मर्यादा ओलांडलेली असते. राग बहुधा काहीतरी मिळवण्यासाठी असतो, समोरचा कबूल झाला की ओसरतो. मेल्टडाउनमध्ये तुम्ही "बरं, तुझंच खरं" म्हणालात तरी ते थांबत नाही. ही ओळखायची सोपी खूण. त्याआधी बहुधा काही लक्षणं दिसतात: एकच वाक्य पुन्हा पुन्हा येणं, येरझाऱ्या, कानावर हात, एका शब्दात उत्तरं. तिथेच थांबायचं असतं.

सुरू झालंच तर बोलणं बंद करा. समजावणंसुद्धा बंद. एकच माणूस खोलीत, बाकीचे बाहेर, टीव्ही आणि दिवा बंद, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, दार अडवायचं नाही. पाणी जवळ ठेवून बाजूला व्हा. ओसरायला वीस मिनिटंही लागतात, दोन तासही. त्या रात्री हिशेब नको, माफी मागायला लावू नका. मेंदू दमलेला असतो आणि वाद पुन्हा पेटतो. शटडाउनमध्येही हेच, फक्त "मी हॉलमध्ये आहे, बोलायची गरज नाही" एवढं एक वाक्य सांगून जा. "तू माझ्याशी अबोला धरलास" हा आरोप तेव्हा सर्वात जास्त लागतो, कारण त्या वेळी अनेकांची वाचाच बंद झालेली असते.

पण दुसऱ्या दिवशी बोलायचंच. वस्तू फेकणं, अंगावर येणं, घालूनपाडून बोलणं, यांची सीमा घरात ठरलेली हवी आणि ती त्यालाही लागू आहे. कारण समजलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. त्याचं काम हे की १० पैकी ६ वर पोचला की उठून जायचं आणि जाताना "ब्रेक" एवढा एकच शब्द म्हणायचा. तुमचं काम हे की तो शब्द आला की मागे जायचं नाही. आणि परत कधी बोलायचं ती वेळ आधीच ठरलेली, समजा दुसऱ्या दिवशी रात्री ९. ही वेळ ठरलेली नसली की ब्रेक म्हणजे पळवाट होते आणि बायको ताटकळत राहते. यानंतरही वस्तू अंगावर येत असतील किंवा तुम्हाला भीती वाटत असेल तर तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे, तेव्हा बाहेरची मदत घ्या.

तुमच्याही गरजा आहेत, त्या सूचक बोलून पोचणार नाहीत. उसासा टाकला, भांडी आपटली, "मला काही नाही झालं" म्हणालात, तर त्याला शब्दशः तेवढंच कळेल. "मला दहा मिनिटं बोलायचंय. उपाय सांगू नकोस, नुसतं ऐक, शेवटी माझा हात धर" असं सांगा. सांगून मिळालेल्या मायेला किंमत नाही असं अनेक बायकांना वाटतं. माझ्या मते त्यानं लक्षात ठेवून दर वेळी हात धरला तर ती पूर्ण किमतीची माया आहे.

स्पर्शाबद्दलही मोकळेपणानं विचारा. हलका, गोंजारणारा स्पर्श अनेकांना बोचतो आणि घट्ट मिठी चालते. घाम, तेलाचा वास, चादरीचं कापड यांनीही नको होतं. ते तुम्हाला नाकारणं नसतं. कुठे, किती जोरात, कोणत्या वेळी, हे दिवसाढवळ्या कपडे घालून बसून बोलायचं असतं, ऐन वेळी नाही.

रविवारी सकाळी ११ वाजता अर्धा तास दोघांनी बसायचं, जास्तीत जास्त तीन विषय, आदल्या रात्री लिहून पाठवलेले. आठवड्याची गाऱ्हाणी तिथे. जोडप्यांच्या समुपदेशकाकडे गेलात तर पहिल्याच फोनवर विचारा, ऑटिस्टिक प्रौढांबरोबर काम केलंय का? नसेल तर तो डोळ्यांत न बघण्याला बेफिकिरी समजेल आणि सगळी बैठक भलतीकडे जाईल.

स्वमग्न_नागपूर

लग्नाचं मी सांगतो. न्यायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या, पण "येतोस का?" असं विचारू नका. कार्यक्रमाची पत्रिका, हॉलचा पत्ता, किती वाजता काय, कोण कोण येणार, जेवण बुफे की पंगत, हे सगळं आठवडाभर आधी द्या. मग तो कोणता भाग झेपेल ते सांगेल. वरात सोडून मुहूर्ताच्या अर्धा तास आधी पोचणं आणि जेवणाच्या पहिल्या फळीत बसणं, एवढं बहुधा जमतं. दीड तासाची मर्यादा ठेवा. गाडी स्वतःची आणि अशी लावलेली की मागे कोणी अडवणार नाही. कोणाच्या गाडीत बसून गेलात की निघणं त्यांच्या हातात जातं.

हातात काम असलं की गर्दी सुसह्य होते. आहेराची वही लिहिणं हे सर्वात चांगलं काम. टेबलामागे बसायचं, नाव आणि रक्कम लिहायची, माणसं एकेक करून येतात, बोलणं दोन वाक्यांचं. नातेवाइकांनाही पोरगा कामाला आला याचं समाधान. डीजेच्या स्पीकरपासून लांब आणि दाराजवळची जागा तेवढी आधी मागून घ्या.

"काय म्हणता? काय चालू आहे?" याला "मजेत, तुम्ही कसे आहात?" इतकंच उत्तर पुरतं, हे त्याला माहीत नसेल तर सांगून ठेवा. आमच्यापैकी अनेक जण तिथे खरोखर काय चालू आहे ते सांगायला लागतात. "बघू" आणि "या कधी घरी" यांनाही तारीख नसते. मोठ्यांना वाकून नमस्कार केला की गळाभेट टळते, ही आपल्याकडची फार चांगली सोय आहे.

दुसरा दिवस रिकामा ठेवा. पाहुणे घरी, जेवणावळ, असं काही नको.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची गर्दीची मिरवणूक असते, तेव्हा महाल-इतवारीत काम ठेवू नका, हेही याच हिशेबात धरा.

कागदपत्रं_सिव्हिललाइन्स

प्रमाणपत्राचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन, आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लावून, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. आरक्षणासारख्या बऱ्याच सवलती ४० टक्के आणि त्यावर असेल तरच.

प्रौढांचं अडतं ते तपासणीत. तिथे इसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० च्या खाली गेलं तर ऑटिझम नाही असं धरतात. जो माणूस तीस वर्षं सगळं झाकून वावरायला शिकलाय तो तपासणीच्या खोलीतही झाकतोच, इस्त्रीचा शर्ट घालून नीट उत्तरं देतो आणि गुण कमी येतात. म्हणून सासूबाईंना बरोबर न्या, लहानपणीचं त्यांनाच माहीत. घरून दोन पानं लिहून न्या: प्रत्येक अडचण, ती किती वेळा येते, त्या वेळी कोणाची मदत लागते. शाळेच्या प्रगतिपुस्तकातले शेरे असतील तर त्यांच्या झेरॉक्स जोडा. मनोविकारतज्ज्ञांचा मूळ अहवाल हातात ठेवा, जमा करायला फक्त प्रत द्या.

प्रमाणपत्र काढलं म्हणजे कंपनीला सांगावंच लागतं असं नाही. सांगितलं तर मागण्या लेखी आणि छोट्या ठेवा: सूचना ईमेलवर, कोपऱ्यातली जागा, हेडफोनची मुभा, मीटिंगचे विषय आदल्या दिवशी. समान संधीचं धोरण तयार ठेवणं त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार खासगी आस्थापनांवरही बंधनकारक आहे, एचआरकडे आधी त्याची प्रत मागा.

राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली पालकत्वाचे कागद करून घ्या असा सल्ला कोणी देईल. जो स्वतःचे निर्णय घेतो, नोकरी करतो, त्याला कायदेशीर पालकाची गरज नाही. घाईत कशावरही सही करू नका.

आणि स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचारांच्या जाहिराती येतील. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ऑटिझमसाठी तो मान्य उपचार नाही, फक्त संशोधनाच्या चाचणीतच देता येतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. कोणी पॅकेजचा दर सांगितला की तिथूनच उठा. ऑटिझमवर गोळी नाही. मात्र सोबत चिंता, नैराश्य, झोपेचा त्रास किंवा एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण) असेल तर त्यावर चांगले उपचार आहेत, तेवढं पुढच्या भेटीत डॉक्टरांना वेगळं विचारा.